फाटलेली कड



निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘जपानी हातकागद आणि अमूर्त चित्र’ असा छापला आहे. तो वाचून तुमच्या मनात दोन शंका आल्या असणार. सोलापूरसारख्या चादरींच्या गावात जपानच्या कागदाचं काय काम, ही पहिली. अमूर्त चित्र आम्हाला कॅनव्हासवरही कळत नाही, मग कागदावर काय कळणार, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत. पहिलीचं उत्तर मी उशिरा देणार आहे, कारण त्यासाठी आधी दौलताबादला, वर्ध्याला आणि अहमदाबादला जाऊन यावं लागेल. दुसरीपासून सुरुवात करतो.

अमूर्त चित्रासमोर माणूस उभा राहतो आणि विचारतो, ‘हे काय आहे?’ प्रश्न प्रामाणिक असतो. पण हाच माणूस घरी जाऊन सोलापुरी चादर अंगावर घेतो, तेव्हा तिच्यावरच्या चौकटींना आणि पट्ट्यांना तो कधी विचारतो का, की बाबांनो, तुम्ही काय आहात? लाल पट्ट्याशेजारी काळी रेघ का आली, ती जाड का, मधली जागा मोकळी का, हे तो न विचारता बघतो, आणि दुकानात दहा चादरी उलगडून त्यातली एक नेमकी निवडतो. म्हणजे रंग, अंतर, पोत, वजन यांचा निवाडा करणारी नजर त्याच्याकडे आहेच. चौकट भिंतीवर गेली की ती नजर तो दारात चपलांबरोबर काढून ठेवतो. का? कारण भिंतीवरच्या चित्राला ‘विषय’ असला पाहिजे, असं आपल्याला शाळेपासून शिकवलं गेलं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेले इथे पुष्कळ असतील. स्मरणचित्राला विषय असे, बाजाराचं दृश्य किंवा पावसातली शाळा. आणि नक्षीकामाला विषय नसे. पण नक्षीकामाला चित्र म्हणायचं नसे!

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की हातकागदातून घडणाऱ्या अमूर्त चित्राला विषय असतो, आणि तो विषय म्हणजे कागद. कागद कसा बनला, कसा भिजतो, कसा फाटतो, उजेड किती आत घेतो, हे त्या चित्रात दिसतं आणि त्यातच चित्र असतं. म्हणून आज मी चित्रांपेक्षा कागदाबद्दल जास्त बोलणार आहे. चालेल ना?

तर आधी जपानचा कागद. त्याला वाशी म्हणतात. तो तांदळाचा असतो अशी एक समजूत जगभर पसरली आहे, इंग्रजांनी त्याला ‘राइस पेपर’ म्हटलं म्हणून. तांदळाचा त्याच्याशी तसा संबंध नाही. वाशी बनते तीन झुडपांच्या सालीपासून, कोझो, मित्सुमाता आणि गाम्पी. त्यातला कोझो म्हणजे कागदी तुती. आपल्याकडे रेशमाच्या किड्यांना जिचा पाला घालतात त्या तुतीची ही चुलत बहीण, कुळ एकच.

हिवाळ्यात, पानं गळाली की कोझोच्या फांद्या कापतात. त्या वाफवतात, म्हणजे साल सहज सुटते. सालीचा वरचा काळा थर सुरीनं खरवडून काढतात. आतली पांढरी साल राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात शिजवतात. मग ती वाहत्या थंड पाण्यात धुतात, आणि यानंतर येतं सगळ्यात कंटाळवाणं काम. पाण्यात हात घालून, सालीचा एकेक तंतू बोटांनी चाचपत, त्यातली काडी, गाठ, काळा कण वेचायचा. तासन्‌तास. जपानी कागद म्हटला की आपले लोक लगेच झेन, ध्यान, मौन असं काहीतरी बोलू लागतात. मला त्याची थोडी चीड आहे. गारठलेल्या पाण्यात बोटं सुन्न होईपर्यंत कचरा वेचणाऱ्या बाईला जाऊन विचारा, ध्यान लागलं का म्हणून. ती मजुरी आहे, कौशल्याची मजुरी आहे, आणि कागदाची शुभ्रता त्या मजुरीतून येते.

वेचलेली साल कुटतात. कुटताना तंतू तुटू द्यायचे नसतात, नुसते सुटे करायचे असतात. हे लक्षात ठेवा, याच्यावर माझं पुढचं सगळं बोलणं उभं आहे. कोझोचा तंतू साधारण सेंटिमीटरभर लांब असतो. आपल्या वहीच्या कागदातला लाकडाच्या लगद्याचा तंतू एक ते तीन मिलिमीटर. सेंटिमीटरभर लांबीचे तंतू एकमेकांत गुंततात, आणि म्हणून अगदी पातळ वाशीसुद्धा ओली झाली तरी हातात तुटून येत नाही.

हा लगदा हौदातल्या पाण्यात सोडतात आणि त्यात एक बुळबुळीत रस मिसळतात. तो येतो तोरोरो-आओइ नावाच्या झाडाच्या मुळातून. हे झाड भेंडीच्या जातकुळीतलं आहे. भेंडी चिरताना सुरीला जी तार लागते, तीच जात. या रसानं पाणी जड होतं, तंतू तळाशी बसत नाहीत, एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, पाण्यात तरंगत राहतात. उष्णतेनं रसाची तार तुटते, म्हणून हे काम थंडीत चांगलं होतं. मग बांबूच्या बारीक काड्यांची चटई लाकडी चौकटीत बसवून ती हौदात बुडवायची, उचलायची आणि हलवायची, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. वरचं पाणी झटकून टाकायचं. पुन्हा बुडवायची. एका तावासाठी हे अनेकदा. प्रत्येक बुडीला तंतूंचा एक थर चढतो आणि हलवण्याच्या दिशेनं तंतू आडवे-उभे लागत जातात. सोलापुरात हे कुणाला समजावून सांगायला नको. ताणा-बाणा आहे हा, फक्त माग पाण्याचा आहे.

तयार झालेला ओला ताव आधीच्या ओल्या तावावर तसाच ठेवतात. मध्ये कापड नाही, काही नाही. शेकडो ताव एकावर एक. दाब देऊन पाणी काढलं की ते अलगद वेगळे होतात. ही पुन्हा त्या भेंडीच्या भावंडाची करामत. मग ताव फळीवर ब्रशनं सपाट बसवून वाळवतात.

२०१४ साली युनेस्कोनं ही कारागिरी मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. सेकिशू, मिनो आणि होसोकावा या तीन परंपरा, तिन्ही नुसत्या कोझोच्या. जपानच्या कोची भागात तेंगुजो नावाचा कागद होतो. त्याचा सगळ्यात पातळ प्रकार आता यंत्रावर बनतो आणि त्याचं वजन चौरस मीटरला दोन ग्रॅमसुद्धा भरत नाही. आपल्या झेरॉक्सच्या कागदाचं सत्तर-ऐंशी ग्रॅम असतं. असा कागद कशाला लागतो? फाटकी हस्तलिखितं जोडायला. जीर्ण पानावर तो चिकटवला की पान सांधलं जातं आणि अक्षरं त्यातून वाचता येतात. १९६६ साली फ्लॉरेन्सला महापूर आला, ग्रंथालयं चिखलात बुडाली. त्यानंतर ग्रंथदुरुस्तीच्या जगात जपानी कागदाचा वापर फार वाढला.

आता चित्राकडे येऊ. वाशीतून चित्र करणाऱ्याचं पहिलं हत्यार म्हणजे हात. तो कात्री वापरत नाही. पाण्यात ब्रश बुडवून कागदावर एक ओली रेघ ओढतो आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना हळूच ताणतो. कागद रेघेवर सुटतो, पण लांब तंतू तुटत नाहीत, ते एकमेकांतून सरकत बाहेर येतात. म्हणून कडेला केसांसारखी झालर राहते. चादरीच्या टोकाला दशा असतात ना, तशी, फक्त दिसेल न दिसेल इतकी बारीक. हा तुकडा दुसऱ्या रंगाच्या तावावर चिकटवला की दोन रंगांमधली सीमा कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. दशा दुसऱ्या कागदात मुरलेल्या असतात. अशी कड पेन्सिलीला काढता येत नाही, ब्रशलाही नाही. ती काढलेली नसतेच, ती कागदानं दिलेली असते. चित्रकारानं फक्त कुठे ओलं करायचं आणि किती जोरानं ओढायचं एवढं ठरवलं.

शिवाय हा कागद उजेड अडवत नाही. निळ्यावर पिवळा तुकडा ठेवला की खालचा निळा वर येतो, तिसरा थर दिला की आणखी काही होतं. रंग पॅलेटवर मिसळायचे नाहीत, थरांत मिसळायचे. आणि चुकलं तर खोडता येत नाही. त्यावर आणखी एक थर देता येतो, पण खालचा तिथेच राहतो, दिसत राहतो.

हे आधुनिक काही आहे असं वाटतं ना? क्योतोच्या निशी होंगान-जी मंदिरात छत्तीस कवींच्या कवितांचा एक हस्तलिखित संच आहे, बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याची पानं म्हणजे फाडलेल्या, कापलेल्या, रंगवलेल्या कागदांचे तुकडे जोडून केलेली जमीन आहे. त्यावर कविता लिहिल्या आहेत. कविता क्षणभर बाजूला ठेवून नुसतं पान बघितलं, तर ते विसाव्या शतकातलं अमूर्त कोलाज म्हणून कोणत्याही दालनात टांगता येईल. पण त्या काळी त्याला कुणी ‘अमूर्त’ म्हटलं नाही. ते कवितेसाठी अंथरलेलं आसन होतं. मला यात एक खोच दिसते. आपण अमूर्त कलेचा जन्म विसाव्या शतकातल्या युरोपात नोंदवतो, कारण तेव्हा तिला जन्मदाखला मिळाला. मूल त्याआधीही घरोघरी खेळत होतं.

इथे एका मराठी चित्रकाराचं नाव घ्यायला हवं. चित्रकार हुसेन पंढरपुरात जन्मले हे या जिल्ह्यात पोरासोरांनाही ठाऊक आहे. वासुदेव गायतोंडे हे नाव मात्र अजून तितकं घरगुती झालेलं नाही. १९२४ साली नागपुरात जन्म, मूळचे गोव्याकडचे, मुंबईत गिरगावात वाढले, १९४८ साली जे. जे. कलाशाळेतून पदविका. १९५७ साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांचं प्रदर्शन झालं, त्यात त्यांना पहिलं पारितोषिक मिळालं. पुढे ते झेन विचाराकडे वळले. (मघाशी मी झेनवर घसरलो, पण गायतोंड्यांनी ते मिरवलं नाही, म्हणून त्यांना माफ.) स्वतःच्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणं त्यांना पसंत नव्हतं. ‘वस्तुनिरपेक्ष’ असं काहीसं ते म्हणत.

आता त्यांची कामाची रीत बघा. ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत हे सर्वांना माहीत आहे. पण ते कागदाचे तुकडे, वर्तमानपत्राचे, मासिकांचे, कापून-फाडून, त्यांवर रंग घेऊन कॅनव्हासवर दाबत आणि उचलत. कागद जाई, ठसा राही. त्यांच्या चित्रांत जे आकार पाण्यातून वर आल्यासारखे दिसतात, ज्यांच्या कडा कुणी काढल्यासारख्या वाटत नाहीत, त्यांतल्या कित्येकांमागे असा फाटका कागद आहे. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं २०१४ साली त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, लिलावात त्यांची चित्रं कोट्यवधींना जातात, त्या आकड्यांच्या बातम्या होतात. कॅनव्हासवर दाबलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्याची बातमी होत नाही. १९८४ साली त्यांना अपघात झाला, त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास त्यांना झेपेनात, तेव्हा ते कागदावर शाईनं काम करत राहिले. पांढऱ्या कागदावर काळ्या खुणा, थोड्याच. वस्तुनिरपेक्ष चित्र किती कमी सामानात उभं राहतं हे बघायचं असेल तर ती कामं बघावीत.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगतो, मागे नुकतेच आलेले काही जण दिसतात. लांब तंतू, त्यामुळे पातळ आणि चिवट कागद, त्यामुळे झालरीची कड आणि पारदर्शक थर, आणि त्या दोन गोष्टींतून घडणारं चित्र. झालं. आता भारतात या.

आपल्याकडे हातकागद नव्हता का? होता, आणि भरपूर होता. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तिथल्या कागदाची परंपरा थेट महंमद तुघलकानं राजधानी हलवली त्या काळाशी जोडली जाते. जुन्नरचा कागद मराठी दप्तरांत नावाजलेला होता. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे. पेशवे दप्तरातले मोडी रुमाल सोडून बघा, दोन-अडीचशे वर्षांचा कागद अजून हाताळता येतो.

पण तो कागद वेगळ्या जातीचा. तो तागाच्या जुन्या दोऱ्या, गोणपाट, चिंध्या कुटून बनत असे. कच्चा माल म्हणजे एकदा वापरून झालेली वस्तू. आणि तयार ताव घोटत असत, खळ देऊन, गुळगुळीत दगडानं घासून, चकाकी येईपर्यंत. कारण त्यावर बोरू चालायचा होता, शाई फुटून चालणार नव्हती. जपानी कारागीर तंतू दिसावा म्हणून जपत होता, आपला कागदी तो दिसू नये म्हणून घोटत होता. दोन्ही हातकागदच. गरज वेगळी होती.

गिरणीचा कागद आला आणि हे सगळं बसलं. १९३४च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला, वर्ध्याला मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांच्या हाताखाली. तिथे हातकागद पुन्हा सुरू झाला. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली, के. बी. जोशींच्या पुढाकारानं. तिथला कागद मुख्यतः सुती कातरणाचा. होजिअरीचे, कपड्यांचे तुकडे निवडायचे, बारीक कापायचे, बीटरमध्ये दळायचे, हौदात घालायचे आणि जाळीच्या साच्यावर ताव उचलायचा. बीटरमध्ये तंतू बराच तुटतो, आखूड होतो. पण सुताचा सेल्युलोज फार शुद्ध, त्यामुळे कागद जाड, मऊ आणि टिकाऊ होतो.

जाता जाता एक तक्रार. आज हातकागद म्हटलं की लग्नपत्रिका आठवते, गुलाबाच्या पाकळ्या घातलेली, सोनेरी धाग्यांची, मुद्दाम खडबडीत. कागदाला बोलू द्यायच्या आधीच त्याच्या तोंडात पाकळ्या कोंबल्या आहेत. संस्थांना पोट आहे, पत्रिकांवर ते भरतं, मला कळतं. पण हातकागद म्हणजे हाच, असं पुढच्या पिढीला वाटू लागलं आहे.

मग या आखूड तंतूच्या, जाड, सुती कागदातून अमूर्त चित्र होतं का? वाशीसारखं फाडून नाही होत. पुण्याचा सुती कागद फाडा, कड खडबडीत तुटते, दशा फार निघत नाहीत. उजेड आत येत नाही. या कागदाकडून वाशीचं काम करून घ्यायला जाणारे खूप आहेत आणि ते फसतात. पण सुती लगद्याची ताकद दुसरीकडे आहे. ओला लगदा साच्यात दाबला की साच्याची प्रत्येक खूण उचलतो. ओरखडा, भेग, सुरकुती, सगळं. तो शिल्पाकडे झुकलेला कागद आहे.

हे पहिल्यांदा फार खोलवर ओळखलं सोमनाथ होर यांनी. १९७०च्या दशकात त्यांनी ‘जखमा’ नावाची मालिका केली. मातीच्या पाट्यावर सुऱ्यांनी, तापलेल्या हत्यारांनी भोसकायचं, चिरायचं, त्यावरून साचा घ्यायचा आणि त्यात पांढरा लगदा दाबायचा. निघतो तो पांढराशुभ्र कागद, त्यावर चिरा आणि खड्डे. रंग नाही, माणूस नाही, चेहरा नाही. बंगालचा दुष्काळ ज्यानं तरुणपणी डोळ्यांनी बघितला आणि चितारला, त्या चित्रकाराला शेवटी माणसाची आकृती काढायचीही गरज उरली नाही. कागदच कातडी झाला. आता सांगा, याला विषय नाही म्हणायचं?

दुसरं नाव झरीना हाश्मी. १९३७चा अलिगढचा जन्म, गणित शिकलेली बाई. १९७४ साली टोकियोला जाऊन तोशी योशिदांच्या कार्यशाळेत जपानी ठोकळाछपाई शिकल्या. पुढे न्यूयॉर्कला राहिल्या. त्यांच्या कामात दोन्ही कागद आहेत, आणि दोन्हींची कामं त्यांनी वेगळी ठेवली. सुती लगदा साच्यात ओतून घडवलेली घनदाट कामं त्यांनी केली. आणि १९९९च्या ‘घर परकी जागा’ या छत्तीस छापांच्या संचाला कोझोचा पातळ कागद घेतला. उंबरठा, दार, अंगण, सीमा असे उर्दू शब्द आणि त्यांच्यासोबत जवळजवळ भूमितीच्या आकृत्या. त्याही आधी, १९७७च्या सुमारास, त्यांनी नुसत्या सुईनं कागद टोचून चित्रं केली. शाई नाही, रंग नाही. भोकं, आणि भोकांच्या उचललेल्या कडांवर पडलेला उजेड. गणित शिकलेल्या बाईनं कागदाला जितकं नेमकं वापरावं तितकं वापरलं.

आणि तिसरा, अमेरिकेचा रॉबर्ट राउशेनबर्ग. १९७५ साली साराभाई कुटुंबाच्या आमंत्रणावरून तो अहमदाबादला आला आणि साबरमती आश्रमातल्या ‘कलमखुश’ या हातकागदाच्या कारखान्यात काम करू लागला. त्यानं कागदाच्या लगद्यात काय काय कालवलं ऐका. मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडूची भुकटी, डिंक आणि मोरचूद! स्वयंपाकघर आणि किराणा दुकान एकत्र. त्यातून भिंतीवरच्या लिंपणासारखे खरखरीत आकार केले, बांबू आणि दोऱ्या त्यांत अडकवल्या. चिंचोक्याची खळ आपल्याकडे घोंगडीला देतात. ती आपल्या चित्रात का आली नाही? न्यूयॉर्कहून एकानं येऊन ती कालवावी लागली. मला हे वाचून हसू आलं होतं, आणि थोडी लाजही वाटली होती.

तर आता सोलापूर.

१८७७ साली इथे जुनी गिरणी सुरू झाली. तेव्हापासून हे गाव सुतावर जगलं. गिरण्या गेल्या, माग राहिले, यंत्रमाग आले, टॉवेल आले. टॉवेल आणि चादरी जिथे विणल्या जातात तिथे कातरण निघतंच. पुण्याची हातकागद संस्था ज्या मालावर चालते, तो माल आपल्या गावात पोत्यांनी पडतो. यंत्रं पुसायला जातो, गाद्यांत जातो. कागदात जात नाही.

आणि माणसं? मघाशी मी नजरेबद्दल बोललो. ही नजर चित्रकारांना कुठून मिळते हे बघण्यासारखं आहे. १९५०च्या दशकात सरकारनं विणकर सेवा केंद्रं काढली आणि त्यांत चित्रकारांना नोकऱ्या दिल्या. प्रभाकर बरवे, आपल्या भाषेत ‘कोरा कॅनव्हास’ लिहिणारे बरवे, वीसेक वर्षं या केंद्रांत होते, आधी वाराणसीत, मग मुंबईत. अकोल्याचे अंबादास, १९६३च्या ‘ग्रुप १८९०’ या चित्रकारांच्या गटातले आणि पुढे ऑस्लोला स्थायिक झालेले, तेही या केंद्रांत काम करून गेले. मराठी मुलखातल्या अमूर्त आणि अर्धअमूर्त चित्राचा एक मोठा झरा कापडाच्या नक्षीतून, मागाच्या खडखडाटातून आलेला आहे. हा धागा आमच्या कलासमीक्षकांनी फारसा ओढला नाही. नोकरी ही चित्रकाराच्या चरित्रात अडचण म्हणून येते, शाळा म्हणून येत नाही. मला वाटतं बरव्यांच्या बाबतीत तरी ती शाळा होती. त्यांच्या चित्रांतल्या मोकळ्या जागा बघा. वस्तू एकमेकींपासून किती अंतरावर ठेवायच्या, याचा हिशेब नक्षीकाराचा आहे.

पण कातरणाचा कागद म्हणजे पुन्हा आखूड तंतू. मग लांब तंतू कुठून आणायचा? आयात करायचा? कोझोचा चांगला ताव महाग पडतो, शिकणाऱ्या पोराच्या खिशाला झेपत नाही. इथे मला समरकंद आठवतं. समरकंदचा कागद जगप्रसिद्ध होता. आज तिथे कोनिगिल गावात रेशीमवाल्या तुतीच्या सालीपासून कागद बनतो. आपले कागदी कारागीर ज्या परंपरेचं नाव सांगतात ती याच वाटेनं, मध्य आशियातून आली. महाराष्ट्रात रेशीमशेती करणारे शेतकरी तुती लावतात, पाला किड्यांना घालतात, फांद्या छाटतात. फांद्यांचं काय होतं? सरपण. साल त्यातच जळते. बांधावर घायपात उभा आहे, त्याचा दोर होतो, तोही लांब तंतूच. अंबाडीची भाजी आपण खातो, तिच्या काडीत वाख आहे. आणि हौदात घालायला भेंडी आहे! भेंडीच्या रसावर कागद उचलण्याचे प्रयोग इतर देशांतल्या कागद करणाऱ्यांनी केलेलेच आहेत.

मी असं म्हणत नाही की सोलापुरात उद्या वाशी बनेल. थंडगार झऱ्याचं पाणी आपण आणणार कुठून? उन्हाळ्यात इथे प्यायच्या पाण्याची रांग लागते, आणि कागद हा पाणी पिणारा धंदा आहे. ही अडचण खरी आहे, तिला भावनेनं उत्तर देता येणार नाही. पण एखाद्या शाळेच्या कलावर्गात, एका घमेल्यात, मच्छरदाणीची जाळी लाकडी चौकटीला ठोकून, तुतीची शिजवलेली साल आणि टॉवेलचं कातरण एकत्र उचलून बघायला घमेलंभर पाणी पुरतं. त्यातून जो ताव येईल तो जपानचाही नसेल आणि पुण्याचाही नसेल. तो थोडा फाटेल, थोडा तुटेल, मध्येच दशा सोडेल, मध्येच गाठ धरेल. त्याच्या वागणुकीतून काय चित्र निघतं ते त्या वर्गातल्या पोरांनी शोधायचं. मला ठाऊक असतं तर मीच केलं असतं.

करून बघणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी सांगतो आणि थांबतो. तुकडे चिकटवायला बाजारातला पांढरा गोंद वापरू नका. तो वाळला की कडक होतो, कागदाचा लवचिकपणा घालवतो आणि पुन्हा सोडवता येत नाही. जपानी कारागीर गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, पातळ, गाळून घेतलेली. ती पाण्यानं सुटते, म्हणजे शंभर वर्षांनी कुणाला दुरुस्ती करायची झाली तर करता येते. आपले बुकबाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. राउशेनबर्गनं घातला म्हणून तुम्ही घालू नका. तांब्याचा अंश कागदाला वर्षानुवर्षं आतून खातो. खळ रोजच्या रोज ताजी करा, उरलेली टाकून द्या. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, पावसाळ्यात तिथे बुरशी धरते. आणि मुलांना पहिल्या दिवशी काहीही चिकटवू देऊ नका. नुसतं फाडू द्या, कोरडं, ओलं, उभं, आडवं, आणि प्रत्येक कडेखाली तारीख घालून वहीत ठेवू द्या.

अध्यक्षांनी प्रश्नांना वेळ ठेवला आहे. बाहेरच्या टेबलावर कोझो, पुण्याचा सुती हातकागद आणि जुन्या घोटीव कागदाचा एक तुकडा ठेवला आहे. घोटीव तुकड्याला फक्त हात लावा, बाकीचे दोन फाडायला हरकत नाही.